निरोपाचा डबा आणि तीन वाट्या

११ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गेलो कसला, नेलं मला. शर्टाची बटणं मी वरखाली लावली होती, ती सूनबाईने स्वतः सोडून नीट लावली आणि हाताला धरून घेऊन गेली. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, "ताप जाऊन महिना झाला, वजन मात्र उतरतंच आहे. असंच चाललं तर दवाखान्यात झोपवून नळीने भरवावं लागेल. जेवत का नाही तुम्ही?"

"भूक नाही."

"वास येतो का? चव लागते?"

आता या माणसाला काय सांगावं! म्हटलं, "डॉक्टर, अहो मोठ्या बिस्किट कंपनीत मी आयुष्यभर चव-परीक्षक होतो. माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय एक घाणा बाहेर पडत नसे. साहेब लोक मला नावाने हाक मारायचे नाहीत, 'जिभेला बोलवा' म्हणायचे. आणि मला चव विचारता?"

हे मी त्यांना दर खेपेला सांगतो. त्यांनी मान हलवली, मला बाहेर बाकावर बसवलं आणि आत सूनबाईशी बराच वेळ बोलत राहिले. फीचं काहीतरी असेल.

इथे मात्र खरं लिहितो. वास येत नाही. तापाबरोबर गेला तो गेलाच. गोड, खारट, आंबट एवढं जिभेला कळतं, पण त्याच्या पलीकडचं सगळं पुसलं गेलंय. चहा म्हणजे गोड गरम पाणी. कांदा नुसता कचकच वाजतो. घास तोंडात फिरत राहतो आणि गिळायचं कारणच सापडत नाही. पण हे सांगू कुणाला? आयुष्यभर जीभ म्हणून मिरवलो, आता 'जीभ गेली' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? कंबरपट्ट्याला खिळ्याने आणखी एक भोक पाडलं. विजार सुटत होती.

१४ जानेवारी

मुलगा आला. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर आहे, आठवड्यातून एक-दोन दिवस घरी असतो. मला बघून म्हणाला, "बाबा, शर्ट अजून हँगरवरच आहे असं वाटतं." मी हसलो. तो नाही हसला.

सकाळी एक विचित्र प्रकार झाला. मी ओट्याशेजारी खुर्चीवर शब्दकोडं सोडवत होतो, तर शेजारीण धावत आली, तिच्या मागून वरच्या मजल्यावरचे काका आले, आणि सूनबाई अंघोळ अर्धी टाकून बाहेर आली. दूध करपलं होतं म्हणे. एवढ्याशा दुधासाठी केवढा आरडाओरडा! वर सगळ्या खिडक्या उघडून टाकल्या. मी थंडीने काकडलो, तसं बोलूनही दाखवलं. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली.

दुपारी माझा निरोपाचा डबा काढला. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने दिलेला, आमचं सगळ्यात भारी बिस्किट, वर सोनेरी अक्षरं. चार वर्षं जपून ठेवला होता. तापातून उठल्यावर जीभ तपासायला म्हणून तो फोडला. आता रोज चहाबरोबर त्यातलं एक खातो. परीक्षकाने आपला मूळ नमुना विसरता कामा नये.

१९ जानेवारी

सूनबाईला कोपऱ्यावरच्या नव्या स्वस्त दुकानात नोकरी लागली आहे. मोठं दुकान आहे, ढकलगाड्या वगैरे. तिथून येताना ती काय काय आणते. पांढरा पुडा, त्यावर एक निळी रेघ आणि खाली लिहिलेलं 'बिस्किट'. बस्स! जॅमची बाटली घ्या, त्यावर 'जॅम'. मीठ घ्या, 'मीठ'. दुकानाचा स्वतःचा माल म्हणे. मी म्हटलं, "अगं, ज्याला स्वतःचं नाव लावायची छाती नाही, तो माल काय कामाचा?"

ती म्हणाली, "तेच तर विचारायचंय बाबा तुम्हाला. मला दुकानात निवड विभागात घेतलंय. आमचा माल आणि मोठ्या कंपन्यांचा माल समोरासमोर ठेवून तुलना करायची आहे. साहेब म्हणतात, जाणकार माणूस हवा. मी म्हटलं, जाणकार तर घरातच बसलाय."

मनात म्हटलं, नाही म्हण. पण तोंड म्हणालं, "आण. कधीपासून?"

म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तो सुंभ मीच.

२३ जानेवारी

पहिली परीक्षा झाली. मी तिला तीन वाट्यांची रीत शिकवली: दोन वाट्यांत एकच माल, तिसरीत वेगळा, आणि परीक्षकाने न सांगता वेगळा ओळखायचा. ती पोरगी हुशार, एकदा सांगितलं की डोक्यात बसतं.

ओळखलं मी! जिभेने नाही, कानाने. बिस्किट मोडलं की चांगल्याचा आवाज स्वच्छ येतो, जास्त ओलाव्याचं मवाळ मोडतं. मग खालची बाजू बघितली, रंग बघितला, चुरा बोटांत चोळला. वर जरा डोळे मिटून "लोणी कमी आहे" वगैरे ठोकून दिलं. सूनबाईने सगळं लिहून घेतलं.

एक नियम मात्र विचित्र वाटला. तिचे साहेब म्हणतात, वाटीभर खाल्ल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. आमच्याकडे आम्ही एक तुकडा चावायचो आणि चूळ भरायचो. पण दुकान त्यांचं, नियम त्यांचा. तिन्ही वाट्या संपवल्या.

२९ जानेवारी

रोज काही ना काही असतं. जॅम आणि पाव, मग चीज, मग दही, परवा टोमॅटोचं सूप. सूप म्हणजे दोन्ही मालांचं मिळून एक पातेलं! मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणते, "साहेब म्हणतात, सूप थंड होत गेलं की चव बदलते, म्हणून शेवटपर्यंत प्यावं लागतं." त्या साहेबाला काही कळतं हे मान्य करायला हवं.

पुडा उघडताना ती मोठ्याने बोलते. "अय्या, दालचिनीचा केवढा वास!" किंवा "याला लिंबाच्या सालीचा वास आहे, त्याला नुसता लिमलेटच्या गोळीचा." मग प्रत्येक वस्तू माझ्या नाकाखाली धरते, घाई न करता. नवशिकी आहे, परीक्षकासमोर असं बोलू नये हे तिला कळत नाही. मला मात्र आयती उत्तरं मिळतात. देव भोळ्याचा वाली. मी तिला रागावलो नाही.

५ फेब्रुवारी

रविवार, म्हणून भट्टीवाला आला. हा माझा कंपनीतला जुना दोस्त. मोठी भट्टी याच्या ताब्यात असायची, त्यामुळे याला सगळे भट्टीवालाच म्हणतात, बायकोसुद्धा. मी मानाने त्याला निरोपाच्या डब्यातलं बिस्किट दिलं. त्याने एक घास घेतला, डोळे विस्फारले आणि घटाघट पाणी प्यायला. जुन्या आठवणींनी माणूस गहिवरतो. उरलेलं त्याने खिशात घातलं, घरी बायकोला दाखवीन म्हणाला.

मग मी त्याच्यापुढे निळ्या रेघेचा पुडा टाकला. "बघ, आजकाल लोक काय खातात!"

त्याने बिस्किट उचललं, उलटं केलं आणि उठून खिडकीपाशी गेला. "जिभे," म्हणाला, "ही बघ. ही तिरपी रेघ."

बिस्किट भट्टीतून जातं ते तारेच्या जाळीवरून. त्या जाळीची नक्षी बिस्किटाच्या बुडाला उठते. आमच्या भट्टीची जाळी एकदा तुटली होती आणि भट्टीवाल्याने ती रात्रपाळीत स्वतः शिवली होती, जरा तिरपी. तेव्हापासून मधूनच एखाद्या बिस्किटाच्या बुडाला ती तिरपी शिवण उमटते.

"माझ्या हातची शिवण आहे," तो म्हणाला. "हा माल आपल्याच भट्टीतला आहे रे! आपल्याच पोरांनी भाजलाय आणि दुकानाच्या पुड्यात भरलाय."

आम्ही दोघं पुडा उपडा करून बिस्किटं उलटी करत बसलो. आणखी सापडली. तो लहान मुलासारखा मोजत होता. मी ज्याला बिननावाचा म्हणून शिव्या घालत होतो, तो आमच्याच घरचा निघाला! मला लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. अजून भट्टी चालू आहे, शिवण टिकून आहे. आम्ही दोघांनी मिळून अख्खा पुडा फस्त केला. जाताना तो सूनबाईला म्हणाला, "पोरी, तुझे उपकार आहेत बघ." कसले उपकार ते विचारायचं राहिलं.

१० फेब्रुवारी

आजची परीक्षा कठीण होती. पुन्हा बिस्किटं, तीन वाट्या. मोडून बघितलं तर तिन्हींचा आवाज सारखा. रंग सारखा, चुरा सारखा. घाम फुटला. मग धडधडीत ठोकून दिलं: "मधली वाटी वेगळी. मोठ्या कंपनीची. दूध चांगलं वापरलंय, शेवटी चव किंचित खारट उतरते." आणि चांगलं व्याख्यान दिलं.

सूनबाईने तिन्ही वाट्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरोबर, बाबा." आणि वाट्या उचलल्या.

नंतर केरात बघितलं तर एकच रिकामा पुडा होता. दुसरा कुठे टाकला कोण जाणे. एरवी फार टापटीप आहे.

१६ फेब्रुवारी

आज भांडण झालं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तो निरोपाचा डबा आता टाकूया का?" असं म्हणताना तिने नाक मुरडलं. माझ्या कंपनीच्या डब्यावर नाक मुरडलं! मी म्हटलं, "स्वस्त दुकानात चार दिवस गेलीस आणि मोठ्या नावाला नाकं मुरडायला लागलीस?"

तिने डब्याचं झाकण घट्ट लावून तो माझ्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवला. मुलगा घरात होता, तो म्हणाला, "बाबा, तिला बोलू नका." एरवी मेंगळट, पण हे मात्र तो ठामपणे बोलला.

संध्याकाळी तिने तीन वाट्यांत खीर नाही, उपमा नाही, साधे ओट्स आणले. म्हणाली, "साहेब वाट बघतायत." रागाच्या भरात सगळे खाल्ले. आणि रागाच्या भरात हेही लिहून टाकतो, अशी सून मिळायला भाग्य लागतं. मी तिला वेडंवाकडं बोललो आणि तिने ओट्स करपू दिले नाहीत. म्हणजे नसावेत करपले. मला काय कळणार?

२२ फेब्रुवारी

मन खातंय. दुपारी तिच्या हातांकडे लक्ष गेलं. बोटांवर पुठ्ठ्याने कापल्याच्या बारीक रेघा आहेत. निवड विभागात एवढे पुठ्ठे? विचारलं तर म्हणाली, "नमुन्यांची खोकी मीच उघडते."

मग मी सहज विचारलं, "तुझी नोकरी पक्की कधी होणार?" म्हणाली, "बघू, महिनाअखेरीस. सगळं तुमच्या गुणांवर आहे, बाबा." आणि हसली.

पोरीचं पोट माझ्या खोट्या जिभेवर अवलंबून आहे! उद्या मी एखादा नासका माल 'उत्तम' म्हणून पास केला, तर माझं काय जाणार? तिला घरी बसवतील. मी म्हातारा माझा तोरा सांभाळण्यासाठी तिचा बळी देतोय. तिला सांगावं तर जीभ उचलत नाही. पण त्या साहेबाला सांगता येईल. ठरलं. राजीनामा द्यायचा.

जाता जाता, पट्टा आज जुन्या भोकात लावावा लागला. नवं भोक आवळतं. चामडं आक्रसलं असेल.

२४ फेब्रुवारी

इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेलो. बटणं दोनदा तपासली. गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं, "निवड विभाग कुठे आहे?"

"कसला विभाग?"

तिने मॅनेजरला बोलावलं. पोरसवदा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, तोंडावर झोप. मी सूनबाईचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "मी तिचा सासरा. तुमच्या मालाचे गुण मी देतो. साहेब, माझे गुण धरू नका. मला तापानंतर वासच येत नाही. तिला यातलं काही माहीत नाही, तिचा दोष नाही. माझा राजीनामा घ्या, पण पोरीची नोकरी पक्की करा."

एका दमात बोलून टाकलं.

मॅनेजर म्हणाला, "काका, माल निवडतात मुख्य ऑफिसात. आम्ही इथे नुसता मांडतो. आणि त्यांची नोकरी तर पहिल्याच महिन्यात पक्की झाली." मग तो एकदम थांबला आणि त्याची झोपच उडाली. "थांबा थांबा. म्हणजे ते परीक्षक तुम्ही?"

"कोण परीक्षक?"

"अहो, त्या रोज सुटताना दोन-तीन वेगवेगळ्या वस्तू घेतात. आम्ही चेष्टा करायचो, एवढं खातं कोण तुमच्याकडे? तर म्हणाल्या, 'घरी मोठे परीक्षक आहेत. साधं ताट वाढलं तर उठून जातात, पण परीक्षा म्हटलं की वाटी पुसून खातात.'"

मांडणीच्या ओळीच्या टोकाला ती दिसली. माझ्याकडे पाठ होती. जमिनीवर गुडघे टेकून खोकं फाडत होती आणि निळ्या रेघेचे पुडे एकावर एक रचत होती.

पहिल्यांदा राग आला. फसवलं मला! तेही अंगठा दाखवून नाही, वाट्या दाखवून! मग मांडणीचा आधार घेतला. मॅनेजरने मला तांदळाच्या पोत्यांवर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "तिला सांगू नका मी आलो होतो." तो "नाही नाही" म्हणाला. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि डोळे वाहायला लागले. थांबेनात. वाटीभर खाण्याचा नियम, शेवटपर्यंत प्यायचं सूप, नाकाखाली धरलेले पुडे, केरातला एकच रिकामा पुडा, सगळं एकदम कळलं. त्या दिवशी तिन्ही वाट्यांत एकच माल होता, आणि मी व्याख्यान दिलं! आणि ती "बरोबर, बाबा" म्हणाली.

मला नळीने भरवावं लागलं नाही, कारण या पोरीने रोज संध्याकाळी, दिवसभर गुडघे टेकून आल्यावर, मला माझाच मोठेपणा वाटीत घालून भरवला. माझी बायको असती तर तिनेही एवढा धीर धरला नसता. तिने लाटणं दाखवलं असतं.

२५ फेब्रुवारी

संध्याकाळी सूनबाईने तीन वाट्या आणून ठेवल्या. मी हात लावला नाही. म्हटलं, "सूनबाई, मला वास येत नाही."

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"डॉक्टरांना संशय होताच, खात्री पटली दूध करपलं तेव्हा. सगळी इमारत गोळा झाली आणि तुम्ही शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होतात." मग म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, रोज वेगवेगळं हुंगायला द्या, खायला द्या. परत येईल, नाहीतर नाहीही येणार. औषध म्हणून दिलं असतं तर तुम्ही खाल्लं असतं का?"

"नसतं खाल्लं."

"मग?"

मी म्हटलं, "पण माझ्या गुणांचा काही उपयोग नव्हता, मग एवढा खटाटोप..."

तिने वाट्या माझ्याकडे सरकवल्या. चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाली, "साहेबांचा निरोप आहे. तुमचा राजीनामा नामंजूर झालाय. परीक्षक बदलायचा नाही म्हणतात."

म्हणजे त्या पोरसवदा मॅनेजरच्या तोंडात एक दिवसही तीळ भिजला नाही! मी हसलो, ती हसली, मग दोघंही रडलो, आणि मुलगा दारातून बॅग घेऊन आत आला तो घाबरून विचारू लागला, "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," सूनबाई म्हणाली. "बसा. तुम्हीपण गुण द्या."

मी तिला सांगितलं, "पोरी, तू मला वाचवलंस." एवढंच जमलं. आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, ते इथेही नीट लिहिता येत नाही. पण तिन्ही वाट्या पुसून खाल्ल्या.

१९ मार्च

दुपारी एकटाच होतो. चहा केला आणि खिडकीबाहेरच्या फळीवरून निरोपाचा डबा आत घेतला. झाकण उघडलं आणि मागे सरकलो.

काहीतरी आलं. नाकात. क्षणभर कळेचना काय ते. जुन्या तेलाचा, ओल्या पुठ्ठ्याचा, कोंडलेला... अरे देवा! खवट! चक्क खवट! मी पुन्हा नाक घातलं. पुन्हा तोच वास. काय घाण वास! आयुष्यात इतका सुंदर वास घेतला नव्हता. डबा छातीशी धरून मी घरभर फिरलो आणि दर खोलीत थांबून हुंगला, उगाच, गेला तर नाही ना म्हणून.

सूनबाई आली तेव्हा दारातच ओरडलो, "खवट आहे! सूनबाई, हे शुद्ध खवट आहे!"

तिने पिशवी खाली ठेवली आणि तिथेच दारात बसली. हसत होती, डोळे पुसत होती. म्हणाली, "बाबा, दोन महिने झाले, आम्ही नाक दाबून बसलोय!"

भट्टीवाल्याला फोन केला. म्हणाला, "आत्ता कळलं? अरे, तुझं ते खिशात घालून नेलेलं बिस्किट कुत्र्यालाही नको होतं."

मग निळ्या रेघेचा पुडा हुंगून बघितला. काही नाही. दालचिनी हुंगली, अगदी पुसट काहीतरी, की नुसता भास, कोण जाणे. सूनबाई म्हणाली हळूहळू येईल. न आलं तरी माझी तक्रार नाही.

डब्यातली बिस्किटं टाकून दिली. सोनेरी अक्षरांचा डबा तिने साबणाने घासला, पुसला, आणि त्यात दुकानाची बिस्किटं भरली. तिरप्या शिवणीचं एक सापडलं, ते सगळ्यात वर ठेवलं. भट्टी तर एकच आहे.

मुलगा घरी आहे. जेवायला हाका मारतायत. आज वाट्या नाहीत, साधं ताट वाढलंय. जातो जेवायला.